उजवा खांदा अर्धा इंच उतरता

२ फेब्रुवारी

ताई,

आधी खुर्चीत बस, घोटभर पाणी पी आणि मगच पुढे वाच. मी तुला न विचारता एक उद्योग करून ठेवलाय. या वयात तुझं नाव शाळेत घातलंय!

शाळा ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. घरात विसरण्याचा आजार झालेलं माणूस असलं, की त्याची काळजी घेणाऱ्यांनी आपलं आपण शिकायचं, असा तो अभ्यासक्रम आहे. आठ धडे, आठवड्याला एक, वीस-वीस मिनिटांचे. माझ्या पाळीतला क्रेनवाला जोडीदार आहे ना, त्याच्या आईला आप्पांसारखंच झालंय. त्याच्या बायकोने हे आठ धडे केले आणि तो म्हणतो, घरात परत हसण्याचे आवाज येतात. हे त्याने मला वायरलेसवर सांगितलं तेव्हा मी साठ मीटर उंच केबिनमध्ये बसले होते. आनंदाने उडी मारणार होते, पण खाली समुद्र, म्हणून आवरलं.

नीट ऐक. हा अभ्यासक्रम आप्पांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तू चष्मा शोधत शोधत अर्धंच वाचतेस.

फोनवरच सांगितलं असतं. पण तू फोनवर बोलायला लागलीस की आप्पांना वाटतं गिऱ्हाईक आलं, आणि ते जिना उतरून आपल्या शिवणाच्या दुकानाकडे निघतात. दुकान बंद करून सहा वर्षं झाली हे त्यांना कोण सांगणार? तेव्हा आपली पत्रंच बरी. टाइप करताना तुझ्या बोटांचा आवाज होत नाही.

आता माझ्या रजेचं. सलग तीन आठवडे मला वर्षातून एकदाच मिळतात. मी दहा एप्रिलपासून अर्ज टाकलाय, पण पंधरा मार्चच्या आत पक्कं सांगावं लागतं, नाहीतर ती रजा दुसऱ्याला जाते. गेल्या वर्षी तुला विचारलं, "येऊ का?" तू म्हणालीस, "कशाला उगाच, सगळं ठीक आहे." त्याआधीच्या वर्षीही हीच टेप. म्हणून यंदा मी तुला विचारणारच नाही! चौथ्या धड्यानंतर एक प्रश्नावली येते. काळजी घेणाऱ्यावर ताण किती, ते मोजते. चाळीसपैकी गुण, आणि जितके जास्त तितका ताण जास्त. घरचं माणूस म्हणून मी माझा पत्ता दिलाय, निकाल मलाही येईल. वीसच्या वर गेलीस की मी आले. खाली राहिलीस की नाही. आम्ही क्रेनवाले पेटी किती जड आहे ते डोळ्यांनी ठरवत नाही, काटा सांगेल तेच खरं.

बुटकी

७ फेब्रुवारी

बुटके,

उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होते. तू साठ मीटरवरून हाकतेस.

केला पहिला धडा. करणारच नव्हते, पण फोन सारखा टिंग करायला लागला आणि आप्पा म्हणाले, "दार उघड, बेल वाजतेय." मग काय, त्याचं तोंड बंद करायला तरी उघडावं लागलं. शिकवणारी बाई दिसत नाही, नुसती बोलते, आणि इतकं गोड बोलते की मी तिचं नाव मधाळबाई ठेवलंय. "तुम्ही एकटे नाही आहात," असं ती दर तीन मिनिटांनी म्हणते. आणि मी खरोखरच एकटी नव्हते. आप्पा शेजारी बसून माझ्या स्वेटरचं बटण पिरगाळत होते.

गृहपाठ होता: या आठवड्यात सगळ्यात अवघड काय गेलं ते एका शब्दात लिहा. मी लिहिलं, मोजे. सात जोड होते, आता तीन पायमोजे उरलेत, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. दुसरा गृहपाठ: रोज दहा मिनिटं फक्त स्वतःसाठी काढा. काढली. त्यात फ्रीज साफ केला. किती दिवस मनात होतं!

पी हळद आणि हो गोरी, असं काही होणार नाही हे तुला आत्ताच सांगून ठेवते. पण ग्रंथालयातली नोकरी सोडल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला अभ्यास दिला, आणि वही-पेन घेऊन बसताना बरं वाटलं, हे खरं आहे.

रजेचं तुझं तू बघ. माझं काही म्हणणं नाही. काटा म्हणेल ते. मागच्या खोलीतली तुझी गादी उन्हात टाकली होती, पण ती अशीच, ऊन होतं म्हणून. चादरही धुतली. तीही अशीच.

ताई

२५ फेब्रुवारी

बुटके, बुटके, बुटके!

आप्पा झोपलेत, माझ्याकडे अर्धा तास आहे आणि मला तुला इतकं सांगायचंय की कुठून सुरू करू कळत नाही.

तुला माहितीये, रोज सकाळी सहाला ते कपडे करून दाराशी उभे राहतात. "किल्ली दे, दुकान उघडायचंय." आणि मी रोज सांगते, आप्पा, दुकान बंद झालं, तुम्हीच बंद केलंत. दोन वर्षं रोज सांगतेय. आणि बुटके, ते रोज पहिल्यांदा ऐकतात. रोज त्यांचा चेहरा तसाच पडतो. मी त्यांचं दुकान सातशे वेळा बंद केलं असेल, असं तिसरा धडा ऐकताना माझ्या लक्षात आलं आणि मी मधाळबाईला मध्येच थांबवून रडले.

ती म्हणते, वाद घालू नका, दुरुस्त करू नका. ते ज्या जगात आहेत त्याबद्दल त्यांना विचारा. मला हे खोटं बोलणं वाटलं. तरी म्हटलं, करून तर बघू, पालथ्या घड्यावर पाणी तर पालथ्या घड्यावर पाणी. आज सकाळी ते दाराशी आले. मी म्हटलं, "आप्पा, आज काय शिवायचंय?"

ते थांबले. माझ्याकडे असे बघत राहिले, जणू इतक्या दिवसांनी एखादीने बरा प्रश्न विचारला. मग खुर्ची ओढून बसले आणि चाळीस मिनिटं, चाळीस, मी घड्याळ लावून मोजली, कोटाची कॉलर मानेला चिकटून कशी बसवायची ते समजावत होते! आत कॅनव्हास कसा घालायचा, वाफ कुठे द्यायची, गिऱ्हाईक पोक काढून चालत असेल तर पाठीला कापड कुठून वाढवायचं. एकही शब्द अडला नाही. काल त्यांना चमच्याला काय म्हणतात ते आठवत नव्हतं. किल्ली मागायची राहूनच गेली.

मी टेबलाखाली हाताच्या मुठी आवळून बसले होते, आनंदाने. आता चौथा धडा आहे, हातांना ओळखीचं काम द्या म्हणून. मापाची टेप कुठे ठेवली होती गं आपण? तो कपाटावरचा पत्र्याचा डबा बघते.

ताई

१३ मार्च

ताईईईई!

चार! चाळीसपैकी चार! मी केबिनमध्ये एकटीच ओरडले, तर खालून सुपरवायझरने वायरलेसवर विचारलं की काय पडलं. मी म्हटलं, काही पडलं नाही साहेब, माझी बहीण पास झाली.

निकालाखाली त्यांनी लिहिलंय, "तुम्ही स्वतःची उत्तम काळजी घेत आहात. असंच चालू ठेवा." मी ते चार वेळा वाचलं. खरं सांगू? मला भीती होती. मला वाटायचं तू तिथे झिजतेयस आणि मी इथे पेट्या उचलतेय. दर महिन्याला तुझ्या पत्रात सगळं ठीक असायचं, आणि मला ते कधी खरं वाटायचं नाही. आता मोजूनच आलं म्हटल्यावर वाद संपला. पाच आठवड्यांत काय जादू केलीस!

आपलं ठरलं होतं तसं मी रजा सोडली. जोडीदाराला हवी होती, त्याला आईला घेऊन तिच्या भावाकडे जायचंय. काल सही करून दिली. पुढच्या वर्षी मात्र काटा काहीही म्हणो, मी येणारच.

आज जेवणाच्या सुटीत सगळ्यांना माझ्याकडून कॉफी. कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही, पण प्यायले.

बुटकी

१६ मार्च

बुटके,

चार म्हणजे चांगलेच, नाही का. मलाही आनंद झाला.

रजा दिलीस ते बरं केलंस, त्याची गरज मोठी आहे. इकडे सगळं ठीक. चादर घडी करून कपाटात ठेवली.

टेप सापडली.

ताई

२ एप्रिल

बुटके,

पंधरा दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. आज जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आधी मागचं थोडं सांगायला हवं.

टेप त्यांच्या गळ्यात घातली त्या दिवसापासून आमच्या घराचं दुकान झालंय! आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याचं माप घेतात. पोस्टमनचं घेतलं. समोरच्या औषधाच्या दुकानातली बाई गोळ्या द्यायला आली, तिचं घेतलं. ती म्हणाली, चला, या वयात कुणी निदान कंबर विचारली. पाण्याचा मीटर बघायला आलेला माणूस बिचारा दोन्ही हात वर करून भिंतीशी उभा राहिला, त्याला वाटलं झडतीच चाललीये. आप्पा आकडे बोलतात आणि मी लिहून घेते. त्यांची जुनी मापवहीसुद्धा त्याच डब्यात निघाली, हो, तीच काळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आणि कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला. किल्लीचं नाव नाही, रडणं नाही. सहाव्या धड्यापर्यंत आले मी.

आता आजचं. सकाळी मी त्यांना टोस्ट दिला आणि कपबशी उचलत होते. ते म्हणाले, "बाई, तुमचं माप राहिलं."

मला ते हल्ली बाई म्हणतात. सवय झालीये मला. म्हटलं, घ्या.

"सरळ उभ्या राहा. हात सैल सोडा. आणि श्वास धरून ठेवू नका, तसं माप दिलं की कोट खोटा बसतो."

मी उभी राहिले. त्यांनी मागून खांद्यावर टेप लावली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. आणि थांबले. बोटाने उजवा खांदा दाबून पाहिला, मग डावा, मग परत उजवा. मी मान वळवायला लागले तर म्हणाले, "हलू नका." मग हळूच म्हणाले, "उजवा खांदा अर्धा इंच उतरता. हे तर आमच्या थोरलीचं माप."

बुटके! त्यांनी मला ओळखलं नाही, पण माझा खांदा ओळखला! मला किती महिने झाले असतील त्यांच्या तोंडून "आमची थोरली" ऐकून? तुला आठवतं ना, शाळेत जाताना तुझंही दप्तर मीच घ्यायचे, दोन्ही याच खांद्यावर. मी मापवही उघडून पाहिली, ग्रंथालयात लागले तेव्हा त्यांनी मला कोट शिवला होता, ते पान आहे. बारा वर्षांपूर्वीचं. करड्या कापडाचा तुकडा टाचलाय. आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय, "उ. खांदा अर्धा इंच उतरता. दोन दप्तरं." मी हे कधी पाहिलंच नव्हतं गं. त्यांनी कारणसुद्धा लिहून ठेवलं होतं.

पुढे ऐक, मजा अजून आहे. वही न बघता ते म्हणाले, "तिची छाती छत्तीस, कंबर एकतीस, बाही साडेबावीस." मी पडताळून पाहिलं, अगदी बरोबर, एका सुताचा फरक नाही! मग त्यांनी माझ्या कमरेला टेप लावली. आकडा पाहिला, टेप काढली, परत लावली.

"नाही," म्हणाले. "हे तिचं नव्हे. सत्तावीस आहे."

छातीला लावली. "साडेतेहेतीस. नाही, नाही. खांदा तिचा आहे आणि बाकी माणूस दुसरं कुणीतरी." आणि माझ्यावर चिडलेच. "कोण आहात तुम्ही? तुम्हाला घरी कुणी जेवायला घालत नाही का?"

आणि स्वतःच्या ताटलीतला उरलेला टोस्ट माझ्यापुढे सरकवून, मी खाईपर्यंत समोर उभे राहिले. गळ्यात टेप, कमरेवर हात, अगदी पूर्वी कारागिरांवर लक्ष ठेवायचे तसे.

मी हसत होते आणि खात होते. मधाळबाईला कळवायला पाहिजे की तुझा चौथा धडा शंभर टक्के लागू पडला. बारा वर्षांपूर्वीचा आकडा, बुटके, आणि एका सुताचा फरक नाही! तू इथे असायला हवी होतीस.

ताई

३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी आज सकाळी बसमध्ये वाचलं आणि तुझ्यासारखीच हसले. मग केबिनमध्ये जाऊन परत वाचलं.

कंबर एकतीसची सत्तावीस. छाती छत्तीसची साडेतेहेतीस. हे तू मला आनंदाने कळवतेयस.

मी तुला रागावत नाहीये. मला फक्त एक कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय आज माझ्याकडून पेटी नीट ठेवली जाणार नाही. ज्या बाईवर चाळीसपैकी चार ताण आहे, ती चार इंच कशी उतरते? आमच्याकडे काटा एक आकडा दाखवतो आणि दोर दुसरंच काही सांगतो, तेव्हा आम्ही दोराचं ऐकतो.

तू त्या प्रश्नावलीत काय उत्तरं दिलीस? आठवतील तशी सगळी लिहून पाठव. आजच.

बुटकी

४ एप्रिल

अगं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मी काही कॉपी केली नाही. उत्तरं मी जपून ठेवलीयेत, अभ्यासाची वही आहे माझी.

झोप किती तास? आठ-नऊ. रात्री तीन-चारदा उठणं होतं, पण दुपारी भरून निघतं.

पोटभर जेवण होतं का? हो, दोन्ही वेळा, मऊ करून, भरवून.

आठवड्यात कधी रडू आलं का? हल्ली नाही. तिसऱ्या धड्यापासून बंद झालं.

आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर? हो, रोज, कोपऱ्यापर्यंत, हात धरून.

कुणी तुमची विचारपूस करतं का? रोज, सगळेच. औषधवाली, पोस्टमन, डॉक्टर, तू.

आवडीचं काम करायला मिळतं का? तेव्हा टेप नव्हती, म्हणून मी "कधी कधी" लिहिलं. आता विचारलं असतं तर "नेहमी" लिहिलं असतं, आणखी एक गुण कमी झाला असता.

बाकीचीही अशीच. झालं समाधान?

ताई

४ एप्रिल, तासाभराने

भरवून?

ताई, तुला कोण भरवतं?

बुटकी

४ एप्रिल

मला कशाला कोण भरवेल? आप्पांना गं. सगळं त्यांचंच तर लिहिलंय. आणखी कुणाचं लिहिणार?

ताई

४ एप्रिल

ताई, माझी ताई,

ती प्रश्नावली आप्पांची नव्हती. तुझी होती. तुझी झोप, तुझं जेवण, तुझं रडणं विचारत होते ते. आणि मी शहाणी, आपल्या बहिणीची झोप किती ते एका आकड्यावरून ठरवून कॉफ्या वाटत फिरले. एरवीच्या पत्रांत मीही आधी "आप्पा कसे आहेत" असंच विचारते ना? आत्ता मागची सगळी पत्रं काढून पाहिली. तू कशी आहेस, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलेलं नाही. तू तरी सवयीने दुसरं काय लिहिणार होतीस?

आता विचारते. तू कशी आहेस?

पान परत उघड. सगळे प्रश्न पहिल्यापासून. आणि या वेळी आप्पांना खोलीबाहेर ठेव. म्हणजे खोलीत असू देत, पण उत्तरांत नको.

बुटकी

५ एप्रिल

बुटके,

चौतीस.

पहिल्या प्रश्नालाच बराच वेळ लागला. झोप किती तास, हे मला माहीतच नव्हतं. मी बोटं मोजत बसले. रात्री ते उठतात तेव्हा मी उठते, आणि दुपारी ते झोपतात तेव्हा मी कपडे, भांडी, आणि तुला पत्र. चार झाली बोटं, कधी साडेतीन. जेवणाचं मला आठवेना. त्यांना भरवून झालं की ताटलीत जे उरतं ते मी उभ्याउभ्या संपवते, आणि हल्ली त्यांना चांगली भूक लागते, म्हणून उरत नाही. हे मी आनंदानेच सांगत होते सगळ्यांना. चांगलं जेवतात म्हणून.

"कुणी तुमची विचारपूस करतं का?" इथे मी "कधीच नाही" वर बोट ठेवलं, मग कालचं तुझं पत्र आठवलं आणि "क्वचित" केलं. त्या एका गुणाचं श्रेय तुझं.

मधाळबाई "तुम्ही, तुम्ही" म्हणत होती, आणि मला एकदाही वाटलं नाही की ती माझ्याशी बोलतेय. सहा धडे! ग्रंथालयात एखादा वाचक असा आला असता तर मी त्याला हसले असते.

आता तुला खरं सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. तुझी रजा गेली हे वाचलं तेव्हा मी चादर कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार धरून उभी राहिले. मला वाटलं, आप्पा ठीक आहेत असं कळल्यावर माझ्यासाठी यायचं काही कारणच उरत नाही. गादी उन्हात टाकली ती ऊन होतं म्हणून नव्हे. दरवर्षी टाकते. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड मला, आणि तू आपली लांबून भांडं दिसत नाही म्हणून परत जातेस.

मी थकलेय गं. मला आप्पांचा कंटाळा आलेला नाही, देवाशपथ नाही, या पंधरा दिवसांत तर इतकी मजा आली. पण मी फार थकलेय.

आलं, लिहून टाकते. बुटके, ये.

ताई

६ एप्रिल

येतेय! येतेय! येतेय!

तुझं पत्र वाचलं आणि मी पाळी सुरू व्हायच्या आधीच जोडीदारासमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण तोंडातून निघालं एवढंच: "चौतीस." तो म्हणाला, "माझ्या बायकोचे पहिल्यांदा तीन आले होते. आम्हीसुद्धा केक आणला होता." आणि मग आम्ही दोघं, हेल्मेटं घातलेली दोन मोठी माणसं, गोदामाच्या पायरीवर बसून वेड्यासारखे हसलो, आणि मग मी रडले.

पूर्ण रजा परत देणं त्याला जमत नाही, आईची तिकिटं झालीत. पण त्यातले अकरा दिवस त्याने मला दिले. सुपरवायझरने आधी नाक मुरडलं, मग मापाची गोष्ट सांगितली तर गपचूप सही केली. दहा तारखेला दुपारी पोहोचते. तुझी अभ्यासाची वही माझ्या हवाली करायची, पथ्य, गोळ्या, मोजे कुठे सापडतात ते सगळं लिहून. आणि बारा तारखेला तू घराबाहेर. कुठे जायचं ते तू ठरव, नाहीतर मी तुला पेटीत घालून क्रेनने उचलून ठेवेन.

बुटकी

१५ एप्रिल

बुटके,

ग्रंथालयातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी, तिच्या वरच्या खोलीत, खिडकीशी बसून लिहितेय. तळं दिसतं. पहिल्या दिवशी अकरा तास झोपले. मैत्रीण मध्ये दोनदा येऊन श्वास चालू आहे ना ते बघून गेली म्हणे.

काल बसून जेवले. ताट माझं, त्यात माझ्यासाठी वाढलेलं, आणि सगळं गरम. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तर मैत्रीण भांडंच माझ्याकडे सरकवून गेली. मला पटकन आप्पांचा टोस्ट आठवला.

सातवा धडाही इथेच केला. मधाळबाई म्हणाली, "तुम्ही एकटे नाही आहात." मी म्हटलं, हो बाई, आत्ता कळलं.

त्यांनी गोळी नीट घेतली का? गिळेपर्यंत समोर उभी राहतेस ना? मोजे भांड्यांच्या कपाटात बघ. आणि त्यांनी मला... जाऊ दे, काही नाही. त्यांना मी गेलेली कळलीही नसेल, आणि ते बरंच आहे.

ताई

१८ एप्रिल

ताई,

गोळ्या वेळेवर, मोजे पाच सापडले, त्यांतले दोन चक्क एकमेकांचे.

मी आले त्या दिवशीच माझं माप झालं. टेप डोक्यापासून टाचेपर्यंत सोडली आणि म्हणाले, "ही धाकटी. हिची उंची वाढलेली नाही." इतक्या लांबून हे ऐकायला आले मी! मला मात्र मापावरून ओळखलं, आणि दहा मिनिटांनी परत "बाई". तू हे रोज कसं पचवतेस गं? पहिल्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. तिसऱ्या दिवशी माझाच आवाज चढला, मग तुझी वही काढून तिसरा धडा वाचला. तू केलेलं काम किती आहे, ते मला इथे आल्यावर कळलं. साठ मीटरवरून मला घराचं फक्त छप्परच दिसत होतं.

तू अर्धवट सोडलेल्या वाक्याचं उत्तर देते. काल सकाळी आप्पा मापवही घेऊन तुझ्या पानावर बसले होते. जुन्या आकड्यांशेजारी त्यांनी पेन्सिलीने नवे आकडे लिहिलेत. सत्तावीस, साडेतेहेतीस. तू कपबशी ठेवायला गेली असशील तेव्हा लिहिले असतील. मला म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या थोरलीला ओळखता?"

म्हटलं, "ओळखते. चांगलीच ओळखते."

"तिला कोट करायचाय."

आपल्या डब्यात निळं जाड कापड निघालं, दुकान आवरताना उरलेलं. टेबल मोकळं केलं. आखणी त्यांनी केली, कातरी मी चालवली, त्यांच्या बोटाच्या पुढे-पुढे, क्रेनची पेटी ठेवताना जीव मुठीत धरते तशी. उजव्या खांद्याला अर्धा इंच खाली उतरवून रेघ मारली, मला सांगावंही लागलं नाही. मग कमरेपाशी आले आणि खडू धरून थांबले. मी वही पुढे करून म्हटलं, "आप्पा, नवं माप इथे आहे. सत्तावीस."

त्यांनी वही बाजूला सारली.

"ते माप मी धरत नाही," म्हणाले. "जुन्यावरच बेततो. पोरगी भरेल परत."

आणि एकतीसवर खडूची रेघ मारली. कोट कापून टेबलावर पडलाय, आज आम्ही बाह्या जोडणार आहोत. तुझे अजून दोन दिवस आहेत, त्यातला एकही कमी करून लवकर निघू नकोस. आणि येशील तेव्हा जेवून नीघ.

बुटकी